चिपनमला जाऊन ये

ब्रिस्टलमध्ये मी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, आडनाव विचारलं नाही, मांसमच्छी खातोस का तेही विचारलं नाही. दार उघडून ते माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गाडी कुठाय?"

"गाडी नाही. बसने आलो."

"अरेरे," ते म्हणाले. घरात कुणी आजारी आहे म्हटल्यावर लोक म्हणतात, अगदी तसं.

खोली त्यांनी दिली, पण माझ्याविषयीचं त्यांचं मत पुढे दोन वर्षं, म्हणजे मी गाडी घेईपर्यंत, काही सुधारलं नाही. गाडी नसलेला माणूस त्यांच्या लेखी अजून जन्माला यायचा होता. आणि गाडी असलेल्या माणसाकडेसुद्धा ते आधी बघत नसत. आधी त्याच्या चाकांकडे बघत. चाकं पसंत पडली तर मग वर मान करून, हा कोण बरं, असं बघत.

ब्रिस्टलमधली झाडून सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणायची. वय शहात्तर, अंगाने काटकुळे, आणि शर्टाच्या खिशात, जिथे इतरांचं पेन असतं तिथे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा व्हर्निअर. एका विमानाच्या कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. इतरांनी केलेले पार्ट मोजायचे आणि शक्यतो नापास करायचे, एवढंच काम. रिटायर झाले तेव्हा निरोपसमारंभात लोक रडले म्हणे. ते कशासाठी रडले याबद्दल दोन मतं असू शकतात.

रिटायर झाल्यावर विमानं बंद झाली, पण मोजायची खाज काही जिरली नाही. मग त्यांनी चाकं धरली. गाडीबरोबर कंपनी जी चाकं देते ती काढून लोक बाजारातली चकचकीत अलॉय बसवतात, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यात किती लोक किती चुका करतात हे लक्षात आल्यावर तर त्यांना नवं तारुण्यच आलं. "विमानाचा पार्ट चुकला तर दहा जण तपासतात रे," ते म्हणायचे, "इथे कुणीही उठतो, फोटो बघून चाक विकत घेतो आणि त्यावर आपल्या बायकोला बसवतो."

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसे. तिथे चाकं असत, एकावर एक, छतापर्यंत. लोकांनी हौसेने घेतलेली, न बसलेली, आणि काकांनी 'तू हे परत नेऊ नकोस, दुसऱ्या कुणाला तरी विकशील' म्हणून जप्त केलेली. स्वतः काकांची गाडी मात्र एक म्हातारी जपानी डबडी होती आणि तिला कंपनीने दिलेली काळी पत्र्याची चाकं होती. तुम्ही का नाही अलॉय लावत, असं मी एकदा विचारलं. "मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले.

सुपरमार्केटला त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. दूध आणायला निघालो तर कार पार्कमध्येच तासभर जायचा. अनोळखी गाड्यांपाशी हे उकिडवे बसणार, व्हर्निअर काढणार, जिभेने च्-च् करणार. एकदा एका पोराची गाडी दिसली, चाकं बॉडीच्या बाहेर इतकी आलेली की पोट सुटलेल्या माणसाने आखूड बनियन घातल्यासारखी दिसत होती. पोरगा आत बसून बर्गर खात होता. काकांनी काचेवर टकटक केली आणि त्यांच्या खास ब्रिस्टल-सदाशिव पेठी इंग्रजीत म्हणाले, "ऑलराइट, माय लव्हर? युवर कार इज हियर अँड युवर व्हील्स आर इन वेल्स." ('माय लव्हर' ब्रिस्टलमध्ये दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला म्हणतो, त्यात काही नसतं.)

पोरगा दार उघडून बाहेर आला तो भांडायच्या बेतानेच. मी दुधाच्या बाटल्या छातीशी धरून दोन गाड्या पलीकडे उभा राहिलो. या गृहस्थाला मी ओळखत नाही, असा चेहरा करायला मी तोवर शिकलो होतो. दहा मिनिटांनी बघतो तर दोघेही जमिनीवर पालथे, गाडीच्या खालून बघतायत, आणि पोरगा म्हणतोय, "सो इट्स द ऑफसेट, इज इट?" पुढच्या शनिवारी तो आमच्या घरी थालीपीठ खात होता.

थालिपिठाचं सांगायलाच हवं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि स्वयंपाकात काकांना तेवढं एकच धड यायचं. त्याला ते बोटाने भोकं पाडायचे, मध्ये एक आणि भोवती पाच, आणि तव्यावर असतानाच शिकवायला सुरुवात करायचे. "हे मधलं भोक, सेंटर बोअर. गाडीच्या हबवर चाक इथे बसतं. ही भोवतीची पाच बोल्टांची. पाचांच्या मध्यांतून एक वर्तुळ जातं, त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. आता मला सांग, पाच भोकं असली तर व्यास मोजशील कसा? समोरासमोर भोकच नाहीये!" समोरच्याला भूक लागलेली असायची. "शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं, गुणिले एक पॉइंट सात. कर." गुणाकार केल्याशिवाय थालीपीठ ताटात पडत नसे. एक्स्चेंजवर आलेल्या एका मुलीने इथे फक्त लोणी मिळेल का विचारलं होतं, ती परत आली नाही.

ऑफसेटसाठी पोळ्यांचा डबा असायचा. डबा आडवा धरायचा. डब्याची खोली ही चाकाची रुंदी. त्यात एक ताटली उभी सरकवायची. ती ताटली गाडीला चिकटते. ताटली बरोबर मधोमध, तर ऑफसेट शून्य. ताटली रस्त्याच्या बाजूला सरकवली तर ऑफसेट वाढला आणि चाक गाडीच्या पोटात गेलं. आत सस्पेन्शनला घासेल. उलट्या बाजूला सरकवली तर ऑफसेट कमी झाला आणि चाक बाहेर आलं. वळताना पत्र्याला घासेल. पंचेचाळीसच्या जागी पस्तीस घेतलास तर चाक एक सेंटिमीटर बाहेर. एवढंच आहे बघ, ते म्हणायचे, एवढं कळायला काही आयआयटी लागत नाही. मग माझ्याकडे बघायचे, कारण मी आयआयटीतून आलो होतो आणि मला पहिल्या दोन वेळा कळलं नव्हतं.

आणि हे सगळं कळल्यावरही मी जे करायचं ते केलंच. दोन वर्षांनी मी एक जुनी जर्मन हॅचबॅक घेतली आणि काकांना न विचारता इंटरनेटवरून चार अलॉय मागवली. माझ्या गाडीला हवं होतं पाच बाय एकशे बारा, म्हणजे पाच भोकं आणि पीसीडी एकशे बारा मिलिमीटर. मागवली ती एकशे चौदा पॉइंट तीन. आकडा मी वाचला होता, असं नाही की वाचला नव्हता. पण माझ्यातला मराठी माणूस म्हणाला, सव्वादोन मिलिमीटर तर आहे, होईल ऍडजस्ट. आपण ट्रेनच्या तीन जणांच्या सीटवर चौथा बसवणारी माणसं, आपल्याला सव्वादोन मिलिमीटरचं काय!

काका डेंटिस्टकडे गेलेत असं बघून मी रस्त्यावर गाडी उचलली. पहिला बोल्ट सहज गेला. दुसरा जरा कुरकुरला. तिसऱ्याला मी पान्यावर उभा राहिलो. पाचही बसले! मी फोटो काढून पुण्याला पाठवला. आईचं उत्तर आलं, छान दिसतंय, जेवलास का.

काका आले, तोंडाचा अर्धा भाग बधिर. चाकाकडे लांबूनच बघून त्यांनी बोटाने खूण केली, काढ. मी काढलं. बोल्ट निघाले ते किंचित वाकडे, आटे खरडलेले. काकांनी त्यातला एक माझ्या तळहातावर ठेवला आणि बधिर तोंडाने म्हणाले, "सॉली म्हन."

"सॉरी काका."

"मला नाही. त्याला."

मी एकतीस वर्षांचा, पर्मनंट रेसिडेन्सीच्या वाटेवरचा माणूस, भर रस्त्यात, शेजारीण कुत्रं घेऊन उभी असताना, एका बोल्टला सॉरी म्हणालो. शेजारीण म्हणाली, "ब्लेस हिम." तिने कुणाला उद्देशून म्हटलं ते कळलं नाही.

"बसलं म्हणजे जुळलं असं नाही," काका नंतर म्हणाले, तोंड ताळ्यावर आल्यावर. "सगळ्यात वाईट चाक कुठलं? जे बसतच नाही, ते चांगलं. तुला लगेच कळतं. वाईट ते, जे जवळजवळ बसतं." मला त्या क्षणी वाटलं की आता हे माणसांबद्दल, लग्नाबद्दल काहीतरी खोल बोलणार. पण नाही. ते चाकाबद्दलच बोलत होते. काकांचं हे एक बरं होतं, त्यांचं चाक शेवटपर्यंत चाकच राहायचं.

चाकं बसवून झाली की मग चिपनम. नवं चाक बसवल्यावर पन्नास मैलांनी बोल्ट पुन्हा तपासायचे असतात, आणि ब्रिस्टलहून चिपनमला जाऊन परत आलं की बरोबर पन्नास होतात. त्यामुळे काकांनी ज्याची चाकं बसवली त्याला त्यांचा हुकूम असायचा, "चिपनमला जाऊन ये." तिथे काय बघायचं, काय खायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ब्रिस्टलच्या निम्म्या मराठी मंडळींनी लंडन बघण्याआधी चिपनम बघितलंय. एका जोडप्याचा तर साखरपुडा तिथे ठरला, म्हणजे परतीच्या वाटेवर. परत आलं की काका टॉर्कचा पाना घेऊन दारात उभेच. एकेका बोल्टाला पाना लावायचा, ठरलेल्या जोराइतका आवळला गेला की तो 'टक्' करतो, मग पुढचा. वीस टक् झाल्याशिवाय घरात घेत नसत.

आणि वर्षातून एकदा खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. काका सकाळीच सगळी हत्यारं पाटावर मांडायचे, पाने, जॅक, टॉर्कचा पाना, आणि वर परसातला झेंडू. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. संध्याकाळी लोक गाड्या घेऊन यायचे, गाड्यांना हळदकुंकू लागायचं, साखरभात असायचा, आणि आमच्या गल्लीतले इंग्रज पडद्याआडून बघायचे. हा दिवस काका पाळायचे तो देवासाठी की हत्यारांसाठी, मी कधी विचारलं नाही. देवाचं मोजमाप त्यांच्याकडे नव्हतं.

त्यांना एक मुलगी. इथेच जन्मलेली, क्रॉयडनला एका सॉलिसिटरच्या ऑफिसात मोठ्या पदावर. तिचं मराठी तिच्या वडिलांच्या पोळ्यांसारखं होतं, आकार कसाही पण मनापासून. गेल्या दोन वर्षांत ती दर महिन्याला यायला लागली होती, कारण काका विसरायला लागले होते. एकदा बाथचा नळ चालू ठेवून ते गॅरेजमध्ये गेले आणि माझ्या खोलीचं छत माझ्या लॅपटॉपवर आलं. मला ते अधूनमधून माझ्याआधीच्या भाडेकरूच्या नावाने हाक मारायचे. पण चाकांपाशी बसले की डोकं असं साफ चालायचं की आम्हीच खोटे पडायचो.

त्या ऑगस्टमध्ये ती आली आणि जेवणाच्या टेबलावर सरळच बोलली. "बाबा, मला भीती वाटतो. माझा फ्लॅट आहे ना, दोन बेडरूम आहे. ट्राम खाली थांबते. तू ये माझ्याकडे राहायला."

"सहाव्या मजल्यावर गॅरेज आहे?"

"डोन्ट बी सिली."

"मग मी तिथे काय करू? ट्रामची चाकं मोजू?"

"बाबा, तू नळ विसरला. गॅस विसरला. एक दिवस कोणाचा गाडीचा चाक विसरशील. देन व्हॉट? कोणी मरेल."

काकांनी हात पुढे केला. "ठरलं. ज्या दिवशी चाकात एक चूक होईल, त्या दिवशी मी तुझ्याकडे येतो. हा साक्षीदार." हा म्हणजे मी. मला भाजी वाढून घ्यायची होती. दोघांनी हात मिळवले, तिने वकिलासारखे आणि त्यांनी पैज आधीच जिंकल्यासारखे. निघताना दारात ती मला हळूच म्हणाली, "तू बघशील ना? खरं सांगशील मला?" मी हो म्हणालो. दोघांचंही मीठ खाल्लेला माणूस दुसरं काय म्हणणार.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्या ओळखीतला एक नागपूरकर, बायको आणि पाच महिन्यांची मुलगी असं बिऱ्हाड घेऊन ग्लासगोला निघाला होता. बायकोला तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. त्याने हौसेने अलॉय घेतली होती, आणि आश्चर्य म्हणजे काकांनी ती पास केली होती! तीन आठवडे मोजून. पीसीडी बरोबर, ऑफसेट बरोबर, मधल्या भोकाला रिंगा बरोबर. फक्त बोल्ट नवे लागणार होते. जुन्या चाकात बोल्टाची बैठक गोल होती, नव्या चाकात ती निमुळती, कोनासारखी. आटे तेच, डोकं तेच, लांबी तीच. दोन्ही शेजारी ठेवले तर तुम्हाआम्हाला चटकन फरक दिसणार नाही. पण गोल बैठकीचा बोल्ट निमुळत्या भोकात घातला तर तो जागेवर बसल्यासारखा वाटतो, पाना टक् म्हणतो, आणि आत तो जेमतेम एका रेघेवर टेकलेला असतो. रस्त्यावर सैल होत जातो. हे मला काकांनीच शिकवलेलं.

सकाळी आठला काकांनी काम सुरू केलं, पूजेच्या आधी. चौथं चाक चाललं होतं तेव्हा मुलीचा फोन आला, गोळ्या घेतल्या का, मी चारच्या ट्रेनने येतेय. काकांनी फोन खांद्यात धरून बोलत बोलत चाक बसवलं. वीस टक् झाले. ग्लासगोला जाणाऱ्याला चिपनम माफ होतं, वाटेत सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या पेट्रोल-कॉफीच्या थांब्यावर, थांबून तपास म्हणून सांगितलं. दहाला ते गेले. बाळाने काकांचा व्हर्निअर सोडला नाही म्हणून थोडी रडारड झाली.

साडेअकराला काका पाटावर हत्यारं मांडत होते. हळदकुंकू लावून झालं होतं. नागपूरकराचे काढलेले जुने वीस बोल्ट पण पूजेला ठेवायचे म्हणून त्यांनी ट्रे आणला आणि एका वाटीत घालायला लागले. मी झेंडू तोडून आत आलो तर ते ट्रेकडे बघत बसले होते.

"मोज," ते म्हणाले.

मी मोजले. जुने पंधरा. आणि त्यांच्यात मिसळलेले नवे, निमुळते, पाच.

एक चाक जुन्याच बोल्टांवर गेलं होतं. कुठलं, ते विचारायची गरज नव्हती. मी फोन लावला. नवरा चालवत होता, बायकोने उचलला. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. आवाज अगदी शांत.

"कुठे आहात?"

"वूस्टरच्या आसपास काका. का?"

"मागून काही आवाज येतोय?"

"टकटक येऊन राहिलीये थोडी. हे म्हणतात रोड खराब आहे."

"बेटा, ऐक. डावीकडच्या लेनमध्ये यायला सांग. तीसच्या वर जायचं नाही. पुढची सर्व्हिसेस किती लांब?"

"बोर्ड आत्ताच गेला. एक मैल."

"तिथे थांबा आणि गाडीतून उतरा. सगळे. बाळाला घेऊन. मी येतोय."

तो एक मैल काकांनी फोन कानाला लावूनच ऐकला. थांबलो, असं ती म्हणाली तेव्हा ते पाटावर बसले, हत्यारांच्या मध्ये. मग उठले आणि हळदकुंकवासकट पाना, जॅक, टॉर्कचा पाना आणि ते पाच नवे बोल्ट पिशवीत भरायला लागले. मी म्हणालो, "काका, पूजा झालीये." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.

मागच्या डाव्या चाकाचे पाचातले तीन बोल्ट बोटांनी फिरत होते. बोटांनी! मी ते फिरवून बघितले. काकांनी गुडघे टेकले, पण बोल्ट आट्यात जाईना, हातातून दोनदा पडला. "तू लाव," ते म्हणाले. मी लावले, पाचही नवे. मग त्यांनी वीसच्या वीस बोल्ट माझ्याकडून काढून, बघून, परत लावून घेतले. कॉफी प्यायला आलेले लोक कुंकू लावलेल्या पान्याकडे बघत होते. नागपूरकर बिचारा हसून म्हणाला, "जाऊ द्या ना काका, होते असं कधी कधी."

"होत नाही असं," काका म्हणाले. बाळाची आई त्याला घेऊन लांब गवतावर उभी होती आणि आमच्याकडे बघत नव्हती. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

परत येताना मीच बोललो. सबंध रस्ता तोंड शिवून बसायची माझ्यात ताकद नव्हती. म्हणालो, "काका, कुणाला काही झालेलं नाही. ते ग्लासगोला गेले. तुमच्या मुलीला यातलं काही कळायची गरज नाही. मी बोलणार नाही." आणि मी खरंच बोललो नसतो. तिला दिलेला शब्द मी सर्व्हिसेसच्या कार पार्कमध्येच टाकून आलो होतो. मला ते घर हवं होतं, ती थालिपिठं हवी होती, गॅरेजमध्ये चाकांच्या ढिगाआड गुणगुणणारा तो माणूस हवा होता. काका खिडकीबाहेर बघत राहिले.

चारच्या ट्रेनची मुलगी साडेसहाला घरी आली. साडी नेसून आली होती, पूजा म्हणून. विस्कटलेल्या पाटाकडे तिने बघितलं आणि विचारलं, "हे काय झाला?"

मी तोंड उघडलं. वाटेत एक गोष्ट रचून ठेवली होती, बरी होती.

"एका चाकाला पाच बोल्ट चुकीचे लावले," काका म्हणाले. "लहान बाळ होतं गाडीत. मोटरवेवर होते."

दोन वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते तिला आयतं मिळालं होतं. आणि ती म्हणते काय, "बाबा, मी फोन केला म्हणून. माझी चूक आहे."

"फोन उचलला कुणी?"

"पण तू पकडला ना! तू स्वतः पकडला. नोबडी गॉट हर्ट. असं कोणालाही होतो." ती माझ्याकडे वळली. "सांग ना त्याला."

मी म्हणालो, "खरं आहे काका. पकडलं तुम्हीच."

"मी नाही पकडलं," ते म्हणाले. "आज खंडेनवमी होती म्हणून ट्रे हातात घेतला. काल असती तर?" त्यांनी वाटीतला एक जुना बोल्ट उचलला. "माझ्या टेबलावर असा पार्ट आला असता तर मी काय केलं असतं? दया दाखवली असती? विमानात कुणाकुणाची पोरं बसतात." मग ते तिला म्हणाले, "तुझ्याकडे उन्हाची खोली कुठली? ती दे मला."

ती रडायला लागली. जिंकलेलं माणूस असं रडताना मी पाहिलं नव्हतं. एक वर्ष अजून राहा, सहा महिने राहा, मी दर वीकेंडला येते, असं तीच म्हणायला लागली. काका आत जाऊन साखरभाताचं पातेलं घेऊन आले, कारण लोक यायची वेळ झाली होती. लोक आले. काकांनी प्रत्येकाला दारातच सांगितलं काय झालं ते, अगदी बोल्टाच्या बैठकीसकट, आणि आजपासून मी कुणाच्या चाकाला हात लावणार नाही म्हणून. मला त्यांचा भयंकर राग आला. इतका की मी साखरभात दोनदा घेतला आणि कुणाशी बोललो नाही.

नोव्हेंबरमध्ये मी त्यांना क्रॉयडनला सोडायला गेलो. सामान थोडं होतं. त्यांच्या मुलीने घर मला सांभाळायला दिलं होतं, निदान वसंतापर्यंत. एम फोर मोटरवेवर ते बाहेरच्या गाड्यांकडे बघत होते, पण कुणाच्या चाकाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. मला ते सहन होईना. एक गाडी गेली, पुढची चाकं बाहेर लोंबणारी, मी मुद्दाम म्हणालो, "काका, बघा हा." ते म्हणाले, "हं."

रेडिंगच्या अलीकडे अचानक म्हणाले, "तुझे बोल्ट शेवटचे कधी बघितले होते?"

"तुम्हीच बघितले होते. ऑगस्टमध्ये."

"थांब कुठेतरी."

मी सर्व्हिसेसला गाडी घेतली. डिकीतून टॉर्कचा पाना काढला आणि सवयीने त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कोटाच्या खिशातले हात बाहेर काढले नाहीत. "तू बघ," म्हणाले. पाऊस भुरभुरत होता. मी एकेका चाकापाशी गुडघे टेकून वीस बोल्ट तपासले, कुठेही घाई न करता, आयुष्यात कुठलंही काम इतकं नीट केलं नसेल. ते गाडीच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"झालं काका," मी म्हणालो. "सगळे घट्ट आहेत."

मी वाट बघितली. ते वळतील, पाना हिसकावून घेतील, एखादा तरी स्वतः फिरवून बघतील. त्यांनी मान हलवली, दार उघडलं, आत बसले आणि पट्टा लावला.